चार आधी की पाच?

२०२३ साल. माझं वय एकोणसत्तर. या वयात माणसं नातवाचा हात धरून बागेत जातात आणि बाकावर बसून गुडघ्यांबद्दल बोलतात. मला पेनसिल्व्हेनियात सिनेमा ऑपरेटरची नोकरी लागली.

नोकरी म्हणजे महिन्यातून एखादा रविवार, दुपारचा एक खेळ. पण केबिनची किल्ली माझ्या खिशात असायची. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक ताई म्हणाल्या, "काका, नोकरीबद्दल लिहा, अगदी पहिल्यापासून." पहिल्यापासून लिहिलं तर अख्खा अंक मलाच लागेल. मी चौथी शिकलेला माणूस. नागपूरला तेहतीस वर्षं केबिनमध्ये उभा होतो. त्यातला एकच पिक्चर सांगतो, कारण तो मी दोनदा चालवला. एकदा चोविसाव्या वर्षी, एकदा एकोणसत्तराव्या. शुद्धलेखन माझ्या मुलीनं, प्रज्ञानं, तपासलं आहे. मतं माझी आहेत, त्यांना तिनं हात लावलेला नाही.

प्रज्ञा स्टेट कॉलेज नावाच्या शहरात युनिव्हर्सिटीत शिकवते. मी आणि माझी बायको शांता तिच्याकडे राहतो. तिथून डोंगर ओलांडला की अर्ध्या तासावर एक लहान गाव लागतं. एक रस्ता, दोन चर्च आणि एक जुनं थेटर. थेटरची मालकीण डोना, साठीची बाई, आवाज लाउडस्पीकरसारखा. तिच्याकडे वरती दोन जुन्या मशिनी प्लास्टिक पांघरून पडल्या होत्या. युनिव्हर्सिटीतल्या एका प्रोफेसरला जुने पिक्चर खऱ्या फिल्मवर दाखवायचे होते. फिल्म एका मोठ्या संग्रहालयातून येणार, आणि त्यांची अट अशी, की दोन मशिनी पाहिजेत आणि त्या चालवणारा जाणता माणूस पाहिजे. मशिनी होत्या, माणूस नव्हता. प्रज्ञा जेवणाच्या सुट्टीत कुणालातरी बोलून गेली, "माय डॅड युज्ड टु डू दॅट." झालं.

डोनानं मला विचारलं, "सर्टिफिकेट?"

मी म्हटलं, "ओपन मशीन."

तिनं प्लास्टिक काढलं. मी दिवा बंद केला आणि अंधारात फिल्म चढवून दाखवली. दातेरी चाकं, मधली ढील, दार बंद, खट्. दिवा लावला तेव्हा डोना माझ्या हातांकडे बघत होती. नामदेव म्हणायला तिला जमेना, म्हणून तिनं मागचा तुकडा घेतला. तेव्हापासून मी डेव्ह.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं कामाचं. लोकांना वाटतं, पिक्चर म्हणजे एक लांबलचक पट्टी. तसं नसतं. पिक्चर डब्यांतून येतो. एका डब्यात एक रीळ, एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. एका मशिनीवर पहिलं चालू असताना दुसरीवर दुसरं चढवून तयार ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. दुसऱ्या मशिनीची मोटर सुरू करायची. सात सेकंदांनी दुसरा ठिपका. त्याला इकडचा उजेड बंद, तिकडचा चालू. बरोबर जमलं तर खाली कुणाला काही कळत नाही. आमचं काम चांगलं झालं याची खूण एवढीच, की आम्ही आहोत हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. आजकाल सगळं बटणावर आलं आहे. बटण कुणीही दाबतो. असो.

पिक्चरचं इंग्रजी नाव मी लिहीत नाही. नागपूरला आम्ही त्याला 'मोलकरणीचा पिक्चर' म्हणायचो. जुना, रंगीत, गाण्यांचा, हसवणारा. गोष्ट अशी. श्रीमंत बापाची एक मुलगी. घरी तिच्याच वयाची मोलकरीण. बापानं मुलीचं लग्न एका न पाहिलेल्या मुलाशी ठरवलं आहे आणि बाप बोटीनं परदेशी गेला आहे. मुलगा महिनाभर घरी राहायला येणार. मुलगी म्हणते, मला त्याला बघायचं आहे, पण त्यानं मला बघायचं नाही. म्हणून दोघी कपडे बदलतात. मोलकरीण मालकीण होते, मालकीण मोलकरीण. पुढे काय होणार ते तुम्हीही ओळखाल. मुलगा मालकीण बनलेल्या मोलकरणीच्याच प्रेमात पडतो.

ओळखलंत तरी बघत राहाल, असं त्या लोकांनी काम करून ठेवलं आहे. मालकीण स्वयंपाकघरात उभी राहून गाणं म्हणते आणि बशा फोडते. बारा बशा. प्रत्येक बशी ठेक्यावर फुटते, एकही मागे-पुढे नाही. आणि मोलकरणीचं काम करणारी ती नटी. मालकिणीच्या कपड्यांत ती खुर्चीवर बसायला जाते, तेव्हा आधी खुर्चीवरची धूळ बघते. समोरच्याचा कप रिकामा झाला की तिचा हात अर्धा उचलला जातो आणि मग तिलाच आठवतं, की आपण आज मालकीण आहोत. हात मुकाट्यानं मांडीवर परत. एक शब्द नाही. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, आजही दुकानापुरतंच येतं. पण कोण खरी कोण खोटी हे मला एकदाही चुकलं नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही कळेल असं काम करणं, याला मी मोठं काम म्हणतो.

तर नागपूर. १९७८. आमच्या थेटरला सकाळी साडेनऊला इंग्रजी खेळ असायचा, जुने पिक्चर, कॉलेजची पोट्टी यायची. मोलकरणीचा पिक्चर मुंबईहून रेल्वेनं आला तो मार खाऊनच. डब्यांवरचे कागद गेलेले, रिळांच्या तोंडाशी नंबर लिहिलेली पट्टी असते ती फाटलेली. सहा रिळं. पहिलं, दुसरं, तिसरं आणि शेवटचं बघितल्याबरोबर कळलं. दोन उरली.

एक बागेचं. मेजवानीची रात्र आहे, मुलगा गेटातून फुलं घेऊन आत येतो, गाणं म्हणतो, मोलकरणीचा लांब पांढरा हातमोजा काढून बोटात अंगठी घालतो. ती हातमोजा परत वर ओढून घेते. बाप बोटीवरून यायचा आहे, तोवर कुणाला कळायला नको.

दुसरं नाचाच्या दालनाचं. रात्र तीच, कपडे तेच. नाचता नाचता ती त्याच्या कानाला लागते आणि सांगून टाकते, की मी या घरची मुलगी नाही, मोलकरीण आहे. तो गप्प होतो. तिला सोडतो. गेटातून बाहेर निघून जातो.

मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, "तू ऑपरेटर आहेस ना? मग मला काहून विचारतो?" मी अक्कल लावली. एका रिळाच्या शेवटी मुलगा गेटातून बाहेर जातो. दुसऱ्याच्या सुरुवातीला तोच मुलगा त्याच गेटातून फुलं घेऊन आत येतो. तुम्हीच सांगा, याहून सरळ काय असेल? नाच आधी, बाग नंतर. शेवटचं रीळ दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात सुरू होतं, ते कशालाही जोडलं तरी जुळत होतं. अकरा आठवडे चालला पिक्चर. तो फुलं घेऊन आत आला की पोट्टी शिट्ट्या मारायची. मीही केबिनच्या भोकातून बघायचो. मोलकरीण आहे हे कळल्यावर फुलं घेऊन परत आलेला माणूस. मला तो नट देवमाणूस वाटायचा.

वाटण्याला कारण होतं. त्याच वर्षी मी आणि शांतानं थेटरजवळ खोली घेतली होती, आडनाव दुसरं सांगून. तेव्हा आमच्या लोकांना तसं करावं लागायचं. खरं आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. घरमालकीण भली बाई होती. शांतावर तिचा जीव जडला. भाजी चिरायला शांता, कापड घ्यायला शांता. पाच महिन्यांनी तिला आठ दिवस गावाला जायचं होतं, तर तिनं देवघराची किल्ली शांताच्या हातात ठेवली. म्हणाली, दिवा तू लाव. शांतानं किल्ली परत तिच्या हातात दिली. म्हणाली, "बाई, आधी आमचं आडनाव ऐका."

दुसऱ्या दिवशी आम्ही हातगाडीवर सामान घालून निघालो.

मी शांताला म्हटलं, "तुला कुणी विचारलं होतं काय?"

ती म्हणाली, "नव्हतं विचारलं, म्हणूनच सांगितलं."

मला ते अजिबात पटलं नाही. दोन वर्षं मी तिच्याशी धड बोललो नाही. कामावर जायला रोज दीड तास पायपीट होती, ती मी तिच्या नावावर टाकली. आणि वरून पिक्चरचा दाखला द्यायचो. "खरं सांगायचं तर समोर तसा माणूस पाहिजे. कळल्यावर फुलं घेऊन येणारा. तुझी बाई आली का फुलं घेऊन?" पंचेचाळीस वर्षांत हा पिक्चर मी तिला किती वेळा सांगितला असेल, तिलाच ठाऊक.

आणि तोच पिक्चर एका गुरुवारी पेनसिल्व्हेनियात माझ्यासमोर आला. सहा डबे, नंबर घातलेले. प्रोफेसर म्हणाले, जगात याची बघण्यालायक ही एकच प्रत उरली आहे, डिस्कवर वगैरे कधी आलेला नाही, त्यांनी स्वतःही पाहिलेला नाही. संग्रहालयाची अट होती, की मशिनीवर एकदाच चालवायचा. आधी चालवून बघायचा नाही. फक्त टेबलावर हातानं गुंडाळत तपासायचा.

मी चार नंबरचं रीळ उघडलं. बाग. पाच नंबर उघडलं. नाच. मी म्हटलं, "रॉंग."

प्रोफेसर पन्नाशीचे, काटक, फार सभ्य, डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधणारे. ते म्हणाले, "पण पट्टीवर नंबर आहे."

मला एवढं बोलायचं होतं, की प्रज्ञाला मध्ये घ्यावं लागलं. मी बोट ठेवून दाखवलं. जिथे नंबरची पट्टी संपते आणि चित्र सुरू होतं तिथे जोड होता. म्हणजे कधीतरी कुणीतरी पट्ट्या कापल्या होत्या आणि परत चिकटवल्या होत्या. दोन रिळांच्या पट्ट्या अदलाबदल होऊन लागल्या असतील तर? हे होतं. मी होताना पाहिलं आहे.

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, जोड आहे हे खरं. पण जोड आहे म्हणजे उलटच लागलंय असं प्रूव्ह होत नाही."

"त्यांना सांग, मी हा पिक्चर अकरा आठवडे चालवला आहे. ते तेव्हा शाळेत असतील."

"मी असं सांगणार नाही हं, बाबा."

"सांग."

तिनं काहीतरी गोड करून सांगितलं. प्रोफेसर हसले, पण हटले नाहीत. रविवारी युनिव्हर्सिटीची मोठी माणसं येणार होती. ते म्हणाले, पट्टीप्रमाणे चालवायचा नसेल, तर मला पिट्सबर्गहून दुसरा ऑपरेटर बोलवावा लागेल.

डोना मध्ये पडली. "माझ्या केबिनमध्ये डेव्हशिवाय कुणी शिरणार नाही. डेव्ह म्हणतो पाच आधी, तर पाच आधी." मग माझ्याकडे वळली. "पण डेव्ह, शनिवारपर्यंत मला काहीतरी दाखव. चुकलास तर हे लोक परत फिल्म पाठवणार नाहीत. आणि मग या मशिनी ठेवून मी काय करू?"

शनिवारी दुपारी मी एकटा टेबलाशी बसलो. मागून उजेड देणारी काच, हातात भिंग. माझा डाव साधा होता. बागेत तो अंगठी घालतो आणि ती वरून हातमोजा ओढते. नाचाच्या रिळात हातमोजा आहेच. त्या हातमोज्याखाली अंगठी नसली, तर नाच आधीचा. मी जिंकलो.

ती डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवते तिथवर आलो. एका सेकंदाला चोवीस चित्रं असतात. एकेक चित्र भिंगाखाली सरकवत गेलो. काही नाही. काही नाही. काही नाही. मी मनात डोनाला काय सांगायचं ते जुळवतही होतो. मग ते दोघं वळतात आणि झुंबराचा उजेड तिच्या बोटांवरून आडवा जातो. करंगळीशेजारचं बोट. पांढऱ्या कापडाखाली एक उंचवटा. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. आठ चित्रं तो दिसतो, मग ती वळून जाते. आठ चित्रं म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा.

मी भिंग पुसलं. परत पाहिलं. दुसऱ्या हाताचं तेच बोट पाहिलं, ते सपाट. परत डावं पाहिलं.

अंगठी होती. म्हणजे बाग आधी. चार आधी, पाच नंतर. पट्ट्या बरोबर होत्या. चुकलेला मी होतो, आणि आजचा नाही, १९७८ पासूनचा.

आधी मला काय वाटलं सांगू? लाज नाही. आधी वाटलं, हे केलं कुणी? बागेचं काम वेगळ्या दिवशी झालं असणार, नाचाचं वेगळ्या. नाचाच्या दिवशी तो हातमोजा चढवताना कुणाच्या तरी लक्षात राहिलं, की हिच्या बोटात आता अंगठी आहे. पडद्यावर दिसणार नाही, प्रेक्षकाला कळणार नाही, कुणी शाबासकी देणार नाही. तरी घातली. ती नटी असेल नाहीतर कपडे सांभाळणारी एखादी बाई असेल. जी कुणी होती तिला मी तिथल्या तिथे, टेबलावरून उठून, जय भीम केला. तेहतीस वर्षं मी माझ्या कामाचा टेंभा मिरवला, पण असं काम मी कधी केलं नाही.

आणि मग बाकीचं डोक्यात शिरलं. ती सांगते तेव्हा अंगठी बोटात आहे. लग्न ठरलं आहे. कुणी काही विचारलेलं नाही, कुणाला संशय नाही. नुसती गप्प राहिली असती तरी सगळं तिचं होतं. माझ्या क्रमात तिला गमावण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तो मोठा दिसायचा. खऱ्या क्रमात मोठी ती आहे. अकरा आठवडे मी नागपूरला चुकीचं माणूस मोठं करून दाखवलं.

पाच वाजता डोना वर आली. "सापडलं काही?"

आता खरं बोलायचं होतं. मी म्हटलं, "नो. बट वुई रन नंबर. प्रोफेसर बिग मॅन. रिस्पेक्ट."

डोनानं माझा हात हातात घेतला. "डेव्ह, तू खरा जंटलमन आहेस." हार मानली असती तर चूक माझी ठरली असती. ती झाकून मी मोठेपणा घेतला.

रविवारी थेटर भरलं. युनिव्हर्सिटीची माणसं, गावातल्या म्हाताऱ्या, आणि मागच्या रांगेत प्रज्ञाच्या ओळखीची आपली दहा-बारा मुलं, नागपूर-पुण्याची. "काका, शिट्टी चालेल का?" म्हणून वर ओरडत होती. शांता आली नव्हती. "गुडघा दुखतो," म्हणाली, "आणि तो पिक्चर मला तुमच्या तोंडून पाठ आहे." बशा फुटल्या तेव्हा थेटर हसून हसून हललं. बागेतलं गाणं झालं. प्रज्ञानं नंतर मला त्याचा अर्थ सांगितला. तू कुणीही असलीस तरी मला तूच हवी, असं काहीतरी.

ठिपका आला. मोटर. दुसरा ठिपका. पाच नंबर पडद्यावर गेलं आणि मी भोकाला डोळा लावला. वळण घेताना उजेड बोटावरून गेला. मला दिसलं. खाली कुणाला दिसलं नसणार. ती त्याच्या कानाला लागली. तो गप्प झाला. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर भीती आहे, ती नागपूरलाही दिसायची. पण ती भीती हातचं जाईल याची आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

खेळ संपला. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. प्रोफेसर बावीस पायऱ्या चढून वर आले, मागे डोना आणि प्रज्ञा. धाप लागली होती तरी बोलत होते. प्रज्ञा मला सांगत होती.

"बाबा, ते म्हणतात, सॉरी. ते म्हणतात, त्या गाण्यात तो 'तू कुणीही असलीस तरी' असं म्हणतो, म्हणजे त्याला आधीच माहीत असलं पाहिजे. म्हणजे तुमचंच बरोबर असणार. पाच आधी."

डोना टाळी वाजवून म्हणाली, "मी सांगितलं होतं!"

"ते म्हणतात, उद्या दुपारी फिल्म परत जायची आहे, त्याच्या आधी ते लेटर लिहिणार आहेत. पट्ट्या बदलून लावा म्हणून. अकरा आठवडे चालवलेल्या ऑपरेटरची साक्ष आहे, असं लिहिणार आहेत. बाबा, तुमचं नाव टाकणार आहेत!"

एकच प्रत उरलेली. तिच्यावर माझ्या नावानं चूक चिकटणार, आणि पुढे जो कुणी बघेल तो माझ्यासारखंच बघेल. तोंड उघडायला पाहिजे होतं. मी हो म्हणून मान हलवली. प्रोफेसरांनी हात मिळवला. गाडीत प्रज्ञा म्हणाली, "किती प्राउड वाटतंय, बाबा."

संध्याकाळी जेवताना शांतानं विचारलं, "खेळ चांगला झाला म्हणे. मग तोंड असं का?"

मी सांगितलं. हातमोजा, उंचवटा, आठ चित्रं, सगळं. प्रोफेसरांचं पत्रही सांगितलं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे तिनं सांगितलं तेव्हा अंगठी बोटात होती."

"हो."

"आणि कुणी विचारलं नव्हतं."

"नव्हतं."

तिनं तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला, पाणी प्यायली. मग म्हणाली, "माझ्या हातात तर किल्ली होती."

प्रज्ञा माझ्याकडे बघायला लागली. तिला आम्ही खोलीची गोष्ट कधी सांगितली नव्हती.

"पंचेचाळीस वर्षं तो फुलंवाला माझ्या डोक्यावर मारलात," शांता म्हणाली. "आणि आता त्या प्रोफेसरच्या कागदावर पण तोच चढवणार का?"

"डोना केबिन काढून घेईल."

"मग घेऊ दे. मी पण खोली सोडली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि प्रज्ञाला म्हटलं, कॉलेजला जाण्याआधी आम्हाला थेटरवर सोड. दोघांना. शांता स्वेटर घालून तयार झाली. बावीस पायऱ्या तिनं कठडा धरून, दर चार पायऱ्यांना थांबत चढल्या. पाच नंबरचं रीळ मी टेबलावर लावलं, काचेखालचा दिवा पेटवला, ते चित्र शोधून बरोबर मधोमध आणून ठेवलं. प्रज्ञानं फोन करून बोलावलं होतं, तसे साडेआठला डोना आणि प्रोफेसर आले. प्रोफेसरांच्या हातात पत्राचं पाकीट होतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, "आय रॉंग. यू राइट. नागपूर ऑल रॉंग."

डोनानं हळूच विचारलं, "डेव्ह, शनिवारी तुला माहीत होतं?"

"येस."

"मग बोलला का नाहीस?"

मी खिशातून केबिनची किल्ली काढून टेबलाच्या कडेला तिच्यासमोर ठेवली आणि काचेवरच्या त्या चित्रावर बोट नेलं. प्रोफेसरांनी पाकीट बाजूला ठेवलं, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि भिंगासाठी हात पुढे केला.

मी म्हटलं, "वेट." आणि भिंग आधी शांताला दिलं.